जुना रेडिओग्राम घरी आणताय? आधी चेंजर बघा

जुना रेडिओग्राम घेणाऱ्या नवख्या माणसाकडून बहुधा दोन चुका होतात. दुकानात तो लाकडाची चकाकी बघून भाव ठरवतो आणि घरी आल्याबरोबर उत्साहाने प्लग लावतो. मी या दोन्ही चुका केल्या आहेत. माझ्या पहिल्या रेडिओग्रामचं अक्रोडी व्हीनियर आरशासारखं चमकत होतं. घरी येऊन झाकण नीट उघडलं तेव्हा लक्षात आलं की रेकॉर्ड चेंजरचा मधला दांडाच गायब आहे. तो मिळायला सात महिने लागले. त्याआधीच मी हौसेने प्लग लावला होता आणि दहा मिनिटांत खोलीभर जळक्या मेणाचा वास सुटला होता. पुढे बरीच यंत्रं हाताखालून गेली. त्यांच्याकडून जे शिकलो ते ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने लिहितो आहे, आणि हा क्रम कृपा करून मोडू नका.

रेडिओग्राम म्हणजे वॉल्वचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) रेडिओ, रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, अ‍ॅम्प्लिफायर आणि लाऊडस्पीकर एकाच लाकडी कपाटात. त्यातल्या महागड्या नगांमध्ये साधी फिरती थाळी नसे, ऑटोमॅटिक चेंजर असे. मधल्या उंच दांड्यावर आठ-दहा तबकड्या एकावर एक चढवायच्या आणि कळ दाबायची. एक तबकडी खाली पडते, आर्म स्वतःहून येऊन कडेला सुई टेकवतो, बाजू संपली की उचलला जातो, पुढची तबकडी पडते. शेवटची वाजली की यंत्र स्वतःच बंद होतं.

ही उठाठेव कशासाठी, हे कळलं की चेंजरकडे बघायची नजर बदलते. ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत, बारा इंचीवर चार ते पाच. आपल्याकडे अब्दुल करीम खाँसाहेब, बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांनी त्या तीन मिनिटांत राग आणि नाट्यपद बसवलं. पण चाळीस मिनिटांची सिम्फनी ऐकणाऱ्या युरोप-अमेरिकेतल्या श्रोत्याला आठ-दहा वेळा खुर्चीतून उठावं लागे. अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने १९२७ साली चेंजर असलेला ग्रामोफोन बाजारात आणला. १९३०च्या दशकात इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनच्या केपहार्ट कंपनीने तर तबकडी वाजवून झाल्यावर यंत्रानेच ती उलटी करून दुसरी बाजू लावावी, असा चेंजर विकला. तो वीस तबकड्या घेई. (कंपनी काढणारे होमर केपहार्ट पुढे अमेरिकेचे सिनेटर झाले.) त्याच काळात झेनिथचा २५ वॉल्वचा स्ट्रॅटोस्फिअर आणि शिकागोच्या ई. एच. स्कॉट यांचा ३० वॉल्वचा फिलहार्मोनिक असे श्रीमंती रेडिओ निघत होते. कपाटाच्या लाकडासाठी नव्हे, आतल्या यंत्रासाठी लोक तेव्हा मोटारीएवढे पैसे मोजत. आपणही तसंच बघावं.

कुठला घ्यावा

केपहार्ट, स्कॉट ही नावं फोटोत बघावीत आणि पुढे जावं. सुरुवातीला १९५४ ते १९६५च्या दरम्यानचा इंग्लिश किंवा जर्मन रेडिओग्राम घ्या. याचं कारण व्यवहारी आहे. त्या काळातले बहुतेक इंग्लिश चेंजर गॅरार्ड, बीएसआर किंवा कोलॅरो यांचे, तर जर्मन चेंजर ड्युअल, पीई यांचे असत. कपाटावर नाव मर्फीचं असो, एचएमव्हीचं असो की डायनॅट्रॉनचं, आत गॅरार्ड निघण्याची शक्यता बरीच. म्हणजे सुटे भाग एकमेकांत चालतात आणि माहितीपुस्तिका मिळतात. वॉल्वही ईसीएच८१, ईएल८४, ईसीसी८३ असे मोजकेच आणि अजून मिळणारे.

गॅरार्ड ही इंग्लंडच्या राजघराण्याच्या जवाहिऱ्यांनी १९१५ मध्ये काढलेली, स्विंडनची यंत्रकंपनी. तिचे आरसी८०, आरसी८८ हे चेंजर जड, दणकट, आणि घाईघाईने उघडू नयेत इतके गुंतागुंतीचे. बीएसआर बर्मिंगहॅमकडचा, स्वस्त आणि पत्र्याचा, पण यूए८ मोनार्क नवख्याने शिकायला मला सगळ्यात आवडतो, कारण खालून बघितलं की प्रत्येक हालचाल डोळ्यांना दिसते. ड्युअल आणि पीई दोन्ही ब्लॅक फॉरेस्टमधल्या सेंट गेऑर्गेन गावच्या. तो घड्याळजींचा मुलूख आहे आणि त्यांचा चेंजर उघडल्यावर ते जाणवतं.

महाराष्ट्रात शोधायचं तर मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. पण बऱ्या स्थितीतले नग माझ्या अनुभवात घरांतूनच निघतात: दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारती, पारशी आणि ख्रिस्ती कुटुंबं, पुण्यातले बंगले. गोव्यात १९६१च्या आधी परदेशी माल मोकळेपणाने येई, म्हणून तिथल्या जुन्या घरांत जर्मन रेडिओग्राम अजून दिसतात.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सगळं सोपं आहे. तिकडे घरातलं सामान निकालात निघतं तेव्हा मॅग्नावॉक्सचे लांबलचक कन्सोल अगदी किरकोळ दरात मिळतात. ऐकायला उत्तमच आहेत. फक्त ते भारतात पाठवायचा विचार असेल तर थांबा. व्होल्टेजचा प्रश्न स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर सोडवतो, पण तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५०ची. चेंजरच्या मोटरचा वेग या हर्ट्झवर ठरतो. तिकडचं यंत्र इथे लावलं की ३३⅓चा वेग २७.८वर येतो आणि ७८चा ६५वर. मोटरच्या दांड्यावरची पायऱ्यांची पितळी पुली ५० हर्ट्झची मिळाली तरच उपयोग. शिवाय ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतो.

दुकानात, खिशातली विजेरी काढून

दुकानदार म्हणेल, "लावून दाखवतो." नको म्हणा. यंत्र चालतंय की नाही हे बघायची गरज नाही. ते चालत नसणारच, किंवा चालत असेल तर नशिबाने. बघायचं आहे ते काय हरवलंय, कारण बिघडलेलं दुरुस्त होतं, हरवलेलं शोधत बसावं लागतं.

झाकण उघडा. मधला उंच दांडा आहे का? त्याला वरच्या बाजूला एक खाच किंवा बाक असतो, त्यावर तबकड्यांचा ढीग टेकतो. तबकड्या वरून धरून ठेवणारा आडवा हात आहे का? आर्मच्या टोकाला काडतूस (सुईच्या कंपनांची वीज करणारा भाग) आणि सुई आहे का, की नुसत्या दोन तारा लोंबताहेत? थाळीवरची रबरी चटई? यातला दांडा नसेल तर मी आता सरळ निघून येतो. दुसऱ्या मॉडेलचा दांडा बहुधा बसत नाही.

मग थाळी हाताने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, उलटी कधीही नाही. सुरू करायची कळ सरकवून फिरवलं की आर्म उठायला, सरकायला लागतो. जाम वाटलं तर जोर करू नका. ते जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं आणि ते बरं होणारं दुखणं आहे. बरं न होणारं दुखणं वेगळं. जस्ताच्या मिश्रधातूतून ओतलेले भाग काही नगांत वर्षांनी फुगतात, त्यांना केसासारख्या भेगा जातात आणि बोट लावलं की तुकडा पडतो. असा भाग चिकटवून टिकत नाही. आर्मचा पाया आणि खालचे राखाडी ओतीव तुकडे विजेरीने नीट बघा.

आता मागचं पुठ्ठ्याचं पाठाड. सगळे वॉल्व जागेवर आहेत का ते मोजा. ट्रान्सफॉर्मरमधून काळं मेण ओघळलेलं दिसलं तर भाव निम्मा करायला सांगा, कारण त्याची तार नव्याने गुंडाळून घ्यावी लागेल. स्पीकरचा कागदी कोन फाटला असेल तर घाबरू नका, ते काम होतं. उंदराने तारा कुरतडल्यात का, तळाशी वाळवीची माती आहे का, हे मात्र बघा. कोकणातून आलेल्या एका नगाचं तळाचं लाकूड अंगठ्याने दाबलं तर बोट आत गेलं होतं.

गाडीत चढवण्याआधी

चेंजरची लोखंडी पट्टी कपाटात स्प्रिंगांवर तरंगत असते, म्हणजे चालताना जमिनीची धडधड सुईपर्यंत पोचत नाही. वाहतुकीत तीच स्प्रिंग घात करते. पट्टीवर दोन मोठे स्क्रू दिसतात. ते फिरवले की पट्टी कपाटाला घट्ट बसते. प्रवासाआधी पट्टी घट्ट करायची आणि घरी आल्यावर मोकळी. स्क्रू हरवले असतील तर पट्टीखाली थर्माकोल ठासा. दांडा काढून वेगळा गुंडाळा. थाळी उचलून निघत असेल तर तीही. आर्म त्याच्या खुंटीला सुताने बांधा, चिकटपट्टीने नाही, कारण ती जुना रंग घेऊन येते.

वीज देण्याआधी

इथे मी कडक बोलणार आहे. वॉल्वच्या यंत्रात २५० ते ३५० व्होल्टचा डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. मल्टिमीटर हातात धरायची सवय नसेल तर चासीला (आतल्या लोखंडी सांगाड्याला) हात लावायचं काम जुन्या रेडिओ मिस्त्रीला द्या. असे मिस्त्री अजून आहेत. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कंडेन्सर विकणाऱ्यांना विचारलं की पत्ता मिळतो. त्यांना काय सांगायचं एवढं तुम्हाला माहीत असलं की झालं.

पहिलं, मागचा व्होल्टेज सिलेक्टर. जर्मन यंत्रांवर तो अनेकदा २२०वर असतो आणि आपली वीज २३०-२४०. वरचा, २४०चा टप्पा असेल तर तोच ठेवा.

दुसरं, यंत्र कुठल्या जातीचं आहे. मुंबई-कोलकात्याच्या काही भागांत पूर्वी डीसी वीज होती, त्यामुळे एसी आणि डीसी दोन्हींवर चालणारे रेडिओ भरपूर विकले गेले. त्यांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि वॉल्वची नावं यू अक्षराने सुरू होतात, जसं यूसीएच, यूएल, यूवाय. अशा यंत्राची लोखंडी चासी थेट विजेच्या तारेला जोडलेली असू शकते. बटण निघून आलं आणि आतल्या दांड्याला बोट लागलं तरी धक्का बसतो. नवख्याने हे यंत्र घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सुदैवाने चांगले, मोठे रेडिओग्राम बहुधा ट्रान्सफॉर्मरवाले असतात. तिथे तीन पिनांची नवी वायर घालून चासीला अर्थिंग द्यावं.

तिसरं, कंडेन्सर. मेणकागदाचे जुने कंडेन्सर आमच्या हवेत हमखास गळके, म्हणजे नको तिथे वीज झिरपू देणारे, झालेले असतात. सगळ्यांत आधी बदलायचा तो आउटपुट वॉल्वच्या ग्रिडला जोडलेला. ईएल८४ असेल तर त्याच्या दोन नंबरच्या पायाला येणारा. तो गळका असेल तर वॉल्व लालबुंद होतो आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. माझ्या खोलीतला मेणाचा वास याच प्रकारातला होता. मेन तारेवरचा कंडेन्सरही काढून टाका किंवा एक्स-टू प्रकारचा नवा बसवा. जर्मन यंत्रात वॉल्वऐवजी सेलेनियमचा चौकोनी रेक्टिफायर असेल तर तोही बदलून घ्या, जळला तर त्याचा धूर विषारी असतो.

पहिली वीज, बल्बमधून

आपल्या मिस्त्रींची सिरीज बल्बची युक्ती यासाठी अगदी योग्य आहे. एका लाकडी पाटावर होल्डर आणि सॉकेट, बल्ब यंत्राच्या मालिकेत. बल्ब १०० वॅटचा आणि तारेचाच हवा, एलईडीने हे काम होत नाही. तसे बल्ब आता शोधावे लागतात, मिळाले की चार घेऊन ठेवा.

चेंजर बंद ठेवून फक्त रेडिओ सुरू करा. बल्ब क्षणभर तेजाने पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण तेजाने पेटून तसाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मंद राहिला तर अर्धा तास तसंच ठेवा, समोर बसून. वास घ्या, ट्रान्सफॉर्मर किती तापतोय ते बंद करून हाताने बघा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरला हळूहळू जाग यायला असा वेळ लागतो. काही येतात, काही बदलावे लागतात. मोठी घरघर ऐकू आली तर बदला. सगळं शांत असेल तर बल्ब काढून थेट वीज द्या. अर्ध्या मिनिटात हिरवा डोळा, म्हणजे स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारा वॉल्व, उजळतो. त्या वेळी खोलीतला दिवा मालवा, एवढं मागणं.

चेंजरची सफाई

चेंजरची मोटर सुरू करायची ती यानंतर. यासाठी एक पूर्ण रविवार ठेवा, आणि प्लग काढून ठेवा.

आधी त्याची चाल समजून घ्या. थाळीच्या खाली एक मोठं दातेरी चाक असतं. त्याचे काही दात मुद्दाम काढलेले असतात आणि एरवी तो मोकळा भाग थाळीच्या दातांसमोर असतो, म्हणून थाळी फिरत असताना हे चाक स्थिर राहतं. रेकॉर्डच्या शेवटी खाच झपाट्याने आत वळते, आर्म एकदम जास्त सरकतो, आणि तो एका इवल्याशा खिटीला ढकलतो. खिटी थाळीच्या दात्यात अडकते, मोठं चाक थोडं वळतं, त्याचे दात थाळीच्या दातांत बसतात, आणि मग थाळीच त्याला एक पूर्ण फेरा देते. त्या एका फेऱ्यात आर्म उचलणं, बाजूला नेणं, तबकडी सात, दहा की बारा इंची हे चाचपणं, ती पाडणं आणि सुई टेकवणं असं सगळं उरकतं. या यंत्रात इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. एका चाकाच्या अंगावर कोरलेल्या उंचसखल वाटेवरून तरफा चालतात, इतकंच. मला दरवेळी हे बघून त्या अनाम कारागिरांबद्दल आदर वाटतो.

मोबाइलवर भरपूर फोटो काढा. दांडा काढा, थाळीच्या मधली क्लिप सोडवा, थाळी सरळ वर उचला. खाली मोटरची पायऱ्यांची पुली आणि तिला चिकटणारं रबरी चाक दिसेल. जुनं ग्रीस तपकिरी मेणासारखं झालेलं असतं. ते लाकडी काडीने खरवडा, उरलेलं रॉकेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने काढा, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅसपासून दूर. रबराला मात्र रॉकेल-पेट्रोलचा थेंबही लागू देऊ नका. रबरी चाक आणि पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबराची कड काचेसारखी गुळगुळीत झाली असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा. यंत्र वर्षानुवर्षं एकाच वेगावर अडकून पडलेलं असेल तर रबराला खळगा पडतो आणि संगीतामागे धप्‌, धप्‌ असा ठोका ऐकू येतो. घासून गेला तर ठीक, नाहीतर चाक नवं चढवून घ्यावं लागतं. म्हणून वाजवून झालं की वेगाची कळ दोन वेगांच्या मधल्या मोकळ्या जागी किंवा पूर्ण बंदवर आणून ठेवायची सवय लावा.

तेल-ग्रीस किती? मोटरच्या वरच्या आणि खालच्या बुशला शिवणयंत्राचं तेल, दोन-दोन थेंब. रबरी चाकाच्या आसाला सुईच्या टोकावर मावेल इतकं. मोठ्या चाकाच्या वाटांवर आणि सरकत्या पट्ट्यांवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ थर. आणि ती इवलीशी खिटी? तिला काहीही नाही. ती कोरडी, स्वच्छ आणि इतकी हलकी हवी की फुंकर मारली तरी हलली पाहिजे. एका दुरुस्तीवाल्याने माझ्या चेंजरवर फवाऱ्याने तेल मारून दिलं होतं. दोन दिवस झोकात चालला, मग तेलात धूळ बसली, खिटी चिकटली आणि तो कधी रेकॉर्डच्या मध्येच उठू लागला, कधी शेवटच्या खाचेत रात्रभर फिरू लागला. रबरी चाकही तेलाने घसरायला लागलं ते वेगळंच. सगळं पुन्हा धुवावं लागलं. चेंजर मध्येच उठतो किंवा उठतच नाही, या तक्रारीत पहिला संशय खिटीवर घ्या.

सगळं जोडल्यावरही प्लग लावू नका. एक टाकाऊ तबकडी दांड्यावर चढवा, कळ सुरूवर आणा आणि थाळी हाताने सावकाश फिरवत पूर्ण फेरा करून बघा. मी हे दहा वेळा करतो. आर्म हालचालीत असताना त्याला हाताने कधीही अडवू नका, त्याने आतली पट्टी वाकते. सुई कडेच्या बाहेर पडत असेल किंवा गाण्यात घुसत असेल तर आर्मच्या पायाशी जुळवणीचा एक लहान स्क्रू असतो. तो पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका. मोटरवर फेरा पूर्ण होतो पण आवाजच येत नाही, असं झालं तर काडतुसाला दोष देण्याआधी थाळीखालचा एक छोटा स्विच बघा. आर्मच्या हालचालीचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून फेऱ्याच्या वेळी तो आवाज दाबून टाकतो. त्याचे पाय गंजून चिकटले की तो कायमचा दाबलेलाच राहतो.

वेग तपासायला घड्याळ पुरतं. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवा. ३३⅓वर तीन मिनिटांत शंभर फेरे झाले पाहिजेत.

काडतूस आणि सुई

या काळातली बरीच काडतुसं रोशेल क्षाराच्या स्फटिकाची. हा क्षार ओलाव्यात विरघळतो आणि साधारण ५५ अंशांच्या पुढे नासतो. मुंबईचे साठ पावसाळे पाहिलेलं असं काडतूस जिवंत असेल अशी आशा ठेवू नका. त्या जागी सिरॅमिक काडतूस बसवा. त्याची शक्ती साधारण तेवढीच असते, त्यामुळे वॉल्वच्या अ‍ॅम्प्लिफायरला ते थेट चालतं. आजचं मॅग्नेटिक काडतूस चालणार नाही, त्याचा आवाज फारच क्षीण येईल.

काडतुसाच्या दोन बाजूंना दोन सुया असतात, फिरवून बदलायच्या. ७८ची सुई टोकाला ३ मिल, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट, आणि एलपीची (३३⅓ फेऱ्यांच्या लाँग-प्ले तबकडीची) १ मिल. ७८ची सुई एलपीवर चालवली तर ती एलपी गेली. टोक नीलमाचं असेल तर ते थोड्या तासांत झिजतं. हिऱ्याचं घ्या.

आणखी एक. स्टीरिओ एलपी १९५८ पासून बाजारात आल्या. त्याआधीच्या मोनो काडतुसाची सुई फक्त आडवी हलते, वरखाली हलत नाही. त्यावर स्टीरिओ रेकॉर्ड लावली तर आवाज येईल, पण खाच खरवडली जाईल. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घेऊन सुईचा भारही मोजा. जुन्या आर्मचा भार ६ ते १० ग्रॅम असतो. काडतुसाच्या कागदावर जो आकडा असेल त्यावर आणा. आजच्या महागड्या नव्या एलपी मी या यंत्रांवर लावत नाही.

रेडिओ आणि लाकूड

रेडिओचं फार लिहीत नाही. जर्मन यंत्रांतला एफएम पट्टा बहुधा ८७ ते १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे मुंबईत ९१.१, ९३.५, ९८.३ सहज लागतात, १०७.१ लागत नाही. इंग्लिश आणि भारतीय यंत्रांत बऱ्याचदा एफएमच नसतो. मग खिडकीबाहेर पंधरा-वीस फूट तार टाका आणि आकाशवाणी ऐका. हल्ली मीडियम वेव्हवर घरातले एलईडी दिवे आणि चार्जरच जास्त बोलतात, ते बंद करून बघा.

लाकडाला मात्र हात लावण्याआधी विचारा. इंग्लिश कपाटावर अनेकदा सेल्युलोज लॅकर, काहींवर लाखेचं फ्रेंच पॉलिश असतं. लाखेचं पॉलिश ओल्या फडक्याने पुसलं तर पांढरे डाग पडतात, स्पिरिटने पुसलं तर निघूनच येईल. सुती कापड, थोडं मेण, आणि हलका हात. पांढरे डाग पॉलिशवाला लाखेचाच नवा हात देऊन घालवतो. मेलामाइन किंवा ड्युको मारायला देऊ नका. बऱ्याच जर्मन कपाटांवर पॉलिएस्टरचा जाड काचेसारखा थर असतो, त्याला मोटारीचं पॉलिश चालतं. आणि कोणी आतलं यंत्र उपसून टीव्हीचं कपाट किंवा बाटल्यांचा बार करायचं सुचवलं तर ऐकू नका. मी अशी रिकामी केलेली कपाटं खूप पाहिली. त्यांतले चेंजर भंगारात किलोने गेले आणि आज आम्ही तेच दांडे शोधत फिरतो.

पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर रेडिओ चालू ठेवा. वॉल्वच्या उबेने आतला ओलावा जातो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

रेकॉर्डचा ढीग

पहिल्या महिन्यात एका वेळी तीनच तबकड्या चढवा. यंत्र दहा घेतं, पण ढीग वाढला की वरच्या तबकड्या घसरतात आणि वेग बसतो. ७८ची तबकडी लाखेची, ठिसूळ. ती वरून पडताना तडकू शकते. घराण्याचा जुना वारसा, एकुलती एक तबकडी, असलं काही चेंजरवर टाकू नका, ते हाताने लावायच्या मोडवर एकेक वाजवा. आणि ७८ कधीही स्पिरिट किंवा अल्कोहोलने पुसू नका, लाख विरघळते. साध्या पाण्यात बुडवलेलं पिळलेलं मऊ कापड पुरे, लेबल सोडून. एलपींचं भय कमी. अनेक एलपींची कड आणि मधला भाग किंचित जाड असतो, त्यामुळे एकावर एक पडल्या तरी खाचा एकमेकींना लागत नाहीत.

जुन्या बाजारात पाश्चात्त्य संगीताचा तीन तबकड्यांचा संच मिळाला आणि पहिल्या बाजूच्या मागे सहावी बाजू निघाली, तर छपाईची चूक समजून परत करू नका. तो खास चेंजरसाठी काढलेला संच आहे. पहिली बाजू खाली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी असा ढीग चढवा. तिन्ही वाजून झाल्या की थाळीवरचा अख्खा ढीग जसाच्या तसा दोन्ही हातांनी उचला, उलटा करा आणि पुन्हा दांड्यावर ठेवा. चौथी, पाचवी, सहावी बाजू ओळीने येते.